जहागीरदार जेवत नाहीत

जहागीरदारांनी चौथ्यांदा पाठ फिरवली, तेव्हा आबांनी लांब चिमटा पाण्याबाहेर काढला, टोकाची कोळंबी वाटीत टाकली आणि ते समोरच्या स्टुलावर मटकन बसले. एक दिवसाआड एक जेवण, अशी चार जेवणं वाया गेली होती. म्हणजे उपासाचा आज नववा दिवस.

जहागीरदार हा मासा होता. समुद्रातला, शिकारी जातीचा. शोभेचे मासे विकणारे त्याला लायनफिश म्हणतात. अंगावर विटकरी आणि पांढरे पट्टे, कुणी निवांत बसून एकेक रेघ ओढावी तसे. डोळ्यांवर दोन तुरे. आणि छातीच्या दोन्ही बाजूंना असे लांबलचक पंख, की ते पसरले म्हणजे काचेपलीकडे कुणी हातपंखे उघडून धरलेत असं वाटावं. पोहणं एकदम संथ. पाच फुटांच्या टाकीत या टोकाकडून त्या टोकाला जायला त्यांना जेवढा वेळ लागे, तेवढ्यात आबांचं एक मनगटी घड्याळ उघडून, पुसून, पुन्हा बंदही होई. पाठीवर तेरा काटे आणि काट्यांत विष. कुणाचीच भीती नाही म्हटल्यावर पळायचं कशासाठी? दिवसभर टाकीत फेरी मारायची, वाटेत कुणी आलं तर त्याने बाजूला व्हायचं, आणि सारा वसूल करायला आल्यासारखं ऐटीत जेवायचं. म्हणून ताईंनी नाव ठेवलं जहागीरदार, आणि घरात सगळे त्यांचा उल्लेख अहो-जाहो करूनच करायचे.

ताई म्हणजे आबांची थोरली बहीण. टाकी त्यांची, मासे त्यांचे. दहा दिवसांपूर्वी मिठाच्या पाण्याची बादली उचलताना ओल्या फरशीवर त्यांचा पाय घसरला आणि मांडीचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया नीट झाली, पण अजून दोन आठवडे तरी इस्पितळातून सुटका नव्हती. आबांची सून दिवसभर त्यांच्यापाशी असे. खालचं घड्याळदुरुस्तीचं दुकान आणि वरची टाकी, दोन्ही आबांच्या गळ्यात पडली होती.

"आबा, वेलांटीने तीन खाल्ल्या," मुंगी म्हणाली. मुंगी ही आबांची नात. वय नऊ वर्षं. कुठल्याही डब्याचं झाकण सैल राहिलं की ही तिथे हजर, म्हणून मुंगी.

"ती खाईलच. तिचं कामच नाकावर चालतं."

वेलांटी ही टाकीतली दुसरी रहिवासी. पांढऱ्या अंगावर काळे शिंतोडे असलेली, सापासारखी लांब ईल. दगडांच्या फटीत गुंडाळून बसायची आणि तोंड तेवढं बाहेर ठेवायची. तिला दिसायचं बेताचंच. पण पाण्यात खाण्याचा वास सुटला, की नाक वर करून ती आंधळ्या कोशिंबिरीतल्या मुलासारखी इकडे-तिकडे चाचपत यायची आणि चिमट्यासकट ओढायची. पहिल्याच दिवशी तिने आबांच्या हातून खाल्लं, आणि आबांना वाटलं, यात काय एवढं? बहीण उगाच त्याचं मोठं शास्त्र करून ठेवते.

ते शास्त्र टाकीशेजारच्या भिंतीवर चिकटवलेलं होतं. सांगितलं होतं ताईंनी आणि लिहिलं होतं मुंगीने, त्यामुळे कागदावर मध्येमध्ये तारे आणि एक हसरा ऑक्टोपसही होता. कोळंबी फ्रीजरमधून काढून टाकीच्याच वाटीभर पाण्यात भिजवायची, थंडगार द्यायची नाही. जहागीरदारांना एक दिवसाआड, पोट किंचित गोल दिसेल इतकंच. ते मागतच राहतात, ऐकायचं नाही. पाच मिनिटांत खाल्लं नाही तर उचलून घ्यायचं, नाहीतर ते कुजून पाणी बिघडतं. पाणी उडून गेलं की भर गोड्या पाण्याची घालायची, कारण पाणी उडतं, मीठ उडत नाही. हात टाकीत घालायचा नाही, घालायचा तर जहागीरदार कुठे आहेत ते आधी बघायचं. आणि सगळ्यात खाली, दोनदा अधोरेखित केलेलं: जिवंत मासे खायला द्यायचे नाहीत.

यातलं एकही कलम आबांनी मोडलं नव्हतं. पाण्याचं मीठ ते रोज मोजत होते, तेही घड्याळजीच्या काटेकोरपणे. जहागीरदार मात्र दर वेळी सावकाश येत, पंख अर्धे उघडत, चिमट्याच्या टोकाकडे दोन्ही डोळ्यांनी नीट बघत, आणि अर्ज नामंजूर केल्यासारखे वळून जात.

तेवढ्यात फोन वाजला. ताईच होत्या.

"काय रे बाळ, जेवले का आमचे जहागीरदार?"

आबा बासष्ट वर्षांचे होते, पण थोरल्या बहिणीचा बाळ. त्यांनी मुंगीकडे पाहिलं, मग टाकीकडे.

"जेवले," आबा म्हणाले. "दोन कोळंब्या. मस्त."

मुंगीचे डोळे मोठे झाले. फोन ठेवल्यावर ती म्हणाली, "आबा, हे खोटं होतं."

"मोडलेलं हाड सांधताना माणसाला काळजी लावायची नसते."

"मग आपण काय करायचं?"

आबा पुन्हा टाकीकडे वळले. दोन वर्षांपूर्वी हा मासा आला तेव्हा फक्त जिवंत मासेच खात होता. समुद्रात वाढलेला शिकारी. मेलेली, गोठवलेली कोळंबी हे अन्न आहे हे त्याला ठाऊकच नव्हतं. ताईंनी दोन महिने पाठ सोडली नाही, तेव्हा कुठे तो चिमट्यावर आला. आणि आता ताईंच्या दोन महिन्यांच्या मेहनतीवर आबा नऊ दिवसांत पाणी फिरवत होते. मासा मेला तर ते ताईंना काय तोंड दाखवणार? सहा वर्षांपूर्वी ताईंच्या हातून एक गोष्ट गेलीच होती. आता ही दुसरी.

पहिली गोष्ट दुकानातली. ते दुकान वडलांपासूनचं, आणि त्यातली पहिली खुर्ची ताईंची. आबा चांगले कारागीर, पण ताईंची गोष्ट वेगळी. केसाहून बारीक स्प्रिंग गुंतली, की गावोगावचे घड्याळजी ती त्यांच्याकडे पाठवत. डोळ्याला भिंग लावून, कोपरं टेबलावर रोवून त्या बसल्या की दहा मिनिटांत गुंता सुटे आणि त्या विचारत, "पुढचं?" मग एका वर्षी त्यांचा उजवा हात थरथरू लागला. डॉक्टर म्हणाले, जिवाला धोका नाही, पण हे जाणार नाही. एक दिवस एकच स्क्रू तीनदा खाली पडला. ताईंनी भिंग काढून कापडात गुंडाळलं आणि म्हणाल्या, "बाळ, आजपासून ही खुर्ची तुझी." त्यानंतर त्या वर गेल्या, आणि काही दिवसांनी वरच्या खोलीत टाकी आली.

त्या दिवसापासून घराने न ठरवता एक नियम पाळला: ताईंच्या हाताकडे बघायचं नाही. चहाचा कप त्यांच्या हातात हिंदकळला की कुणी खिडकीबाहेर बघे, कुणी छताकडे. त्या माशांना भरवायला उभ्या राहिल्या की आबा वर्तमानपत्र उघडत. बोलून दाखवलं नाही, पण सगळ्यांना वाटे, हीच तिची लाज राखणं.

दुसऱ्या दिवशी पाचवा प्रयत्न. आबांनी आपलं सगळं कौशल्य पणाला लावलं. टाकीच्या कडेवर टॉवेलाची घडी ठेवली, तिच्यावर कोपर रोवलं, श्वास रोखला. हात असा स्थिर, की चिमट्यावर पाण्याचा पेला ठेवला असता तरी थेंब सांडला नसता. जहागीरदार आले. त्यांनी पाहिलं. कोळंबी दगडासारखी लटकत होती. ते निघून गेले.

"आबा, तुम्ही चुकीचं करताय," मुंगी म्हणाली. "ताईआजी असं करते." आणि तिने हातात पेन्सिल धरून, हात पुढे करून बोटं थरथर थरथर हलवली. हुबेहूब.

आबांचा चेहरा बदलला. "मुंगे, बंद कर ते."

"अहो पण ती खरंच—"

"आजारी माणसाची नक्कल करायची नसते. कुणी शिकवलं तुला हे? जा, अभ्यासाला बस."

आबा सहसा रागावत नसत, त्यामुळे त्यांचं रागावणं जिव्हारी लागे. मुंगीने पेन्सिल दप्तरात टाकली, दप्तर उचललं आणि ती जिना उतरून गेली. पुढचे दोन दिवस ती टाकीच्या खोलीत फिरकली नाही.

बाराव्या दिवशी जहागीरदारांचं पोट आत गेलेलं दिसू लागलं. आबांनी दुकानाला कुलूप घातलं आणि मासेविक्रेत्याचं दुकान गाठलं.

मासेविक्रेता माणूस बोलघेवडा. "पाणी बरंय ना? मग काही नाही, रुसलेत," तो म्हणाला. "धडधाकट मासा पंधरा-वीस दिवस कळ काढतो. पण त्यापुढे मी काही छातीठोक सांगणार नाही."

"मग उपाय?"

"उपाय पोहतोय तुमच्या मागे." त्याने गोड्या पाण्यातल्या बोटाएवढ्या माशांची टाकी दाखवली. "चार सोडा आत. मिनिटभरात पंक्ती उठतील."

"ताईने सक्त मनाई केलीये."

"ताई बरोबरच सांगतात. हे म्हणजे शिकाऱ्याला रोज फरसाण चारण्यासारखं आहे. पुढे काळीज खराब होतं, शिवाय बाहेरचा रोग आत जातो. आणि एकदा जिवंताची चटक परत लागली, की चिमटा विसरा. पण आबा, मेलेल्या माशाला शिस्त लावून काय करणार?"

त्याचं बोलणं पटण्यासारखं होतं, हीच पंचाईत होती. आबा पाण्याने फुगलेली पिशवी आणि तिच्यातले चार मासे घेऊन घरी आले. वर गेले. पिशवी टाकीच्या कडेला काचेला टेकवून ठेवली आणि गाठ सोडायला लागले. गाठ घट्ट होती.

तेवढ्यात टाकीच्या पार दुसऱ्या टोकाकडून जहागीरदार वळले.

आबांनी इतक्या दिवसांत त्यांना असं वळताना पाहिलंच नव्हतं. दोन्ही पंख पुरते उघडले गेले. पाठीवरचे तेरा काटे एकामागून एक ताठ झाले. पट्ट्यांचा रंग गडद झाला. सावकाशच, पण एक इंचही वाया न घालवता ते सरळ पिशवीच्या दिशेने येऊ लागले. एवढ्या दिवसांचा उपाशी मासा, आणि चालीत कुठे लाचारी नाही. आबा गाठ विसरून बघत राहिले. इतकं देखणं यंत्र त्यांनी आयुष्यात उघडलं नव्हतं.

म्हणजे हे आजारी नाहीत, त्यांच्या मनात आलं. भूकही आहे, ताकदही आहे. मग माझ्या कोळंबीत काय कमी आहे?

त्यांनी जहागीरदारांची नजर जिथे खिळली होती तिथे पाहिलं. पिशवीतले मासे जागच्या जागी थांबले होते. पण त्यांची शेपटी, त्यांचे कल्ले, पोटाखालचे इवलेसे पंख क्षणभरही थांबत नव्हते. बारीक, भरभर, थरथर थरथर. मुंगीच्या पेन्सिलीसारखे.

आबांनी पिशवी काचेपासून लांब नेली. मग ते जिन्याच्या तोंडाशी गेले आणि त्यांनी हाक मारली, "मुंगे, जरा वर येतेस?"

मुंगी दोन पायऱ्या खालीच थांबली. "अभ्यास चाललाय."

"त्या दिवशी तू नक्कल करत नव्हतीस. मला सांगत होतीस. मी ऐकून घ्यायला हवं होतं. माझं चुकलं."

मुंगीने क्षणभर विचार केला. मोठी माणसं असं म्हणतात तेव्हा नेमकं काय उत्तर द्यायचं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. "पिशवीत काय आहे?" तिने विचारलं.

"चार पाहुणे. त्यांना मोठ्या बरणीत ठेवायचंय, तू ठेव. आणि मला सांग, आजी नेमकं कसं करते?"

"सांगितलं ना. हात हलतो तिचा. आधी थोडा हलतो. मग कोळंबी जहागीरदारांच्या तोंडाजवळ गेली की खूप हलतो. मग ते येतात आणि गपकन खातात."

"तू रोज बघायचीस?"

"मग काय करायचं? तुम्ही सगळे पेपर वाचता."

आबांनी चिमटा घेतला आणि हात हलवून पाहिला. पण आयुष्यभर हात न हलवण्याची साधना केलेला माणूस तो. थरथर येईना; आला तो हिसका. कोळंबी पाण्यात घंटेसारखी डावी-उजवीकडे आपटू लागली. जहागीरदार दचकून मागे सरले आणि दगडाआड जाऊन बसले. वेलांटी तेवढी बाहेर आली आणि चिमट्याचं टोक चावून गेली.

"ही कोळंबी नाचतेय," मुंगी म्हणाली. "घाबरत नाहीये."

दुसऱ्या दिवशी भेटीच्या वेळेला आबा इस्पितळात गेले. सून चहा प्यायला खाली गेली, तशी त्यांनी खुर्ची पलंगाजवळ ओढली.

"ताई, मी तुझ्याशी खोटं बोललो."

"ठाऊक आहे."

"कसं?"

"तू म्हणालास, दोन खाल्ल्या, मस्त. मस्त हा शब्द तू जन्मात वापरत नाहीस." ताई उशीवर सरळ झाल्या. "किती दिवस?"

"आज तेरावा."

ताईंचा चेहरा उतरला, पण आवाज बदलला नाही. "वेलांटी?"

"दाबून खाते."

"तळाशी उष्टं राहतं का?"

"एक कण नाही."

"म्हणजे पाण्याचं दुखणं नाही. हाताचंच आहे."

आबांनी मान हलवली. पुढचं वाक्य त्यांनी वाटेत चार-पाचदा मनात घोळवलं होतं. "ताई, मला तुझा हात बघायचाय. नीट."

 ताईंनी पांघरुणाखालून उजवा हात काढला आणि बाजूच्या टेबलावरच्या चमच्याकडे नेला. सहा वर्षांत आबांनी पहिल्यांदाच खिडकीकडे पाहिलं नाही. हात निघाला तेव्हा जेमतेम कंप होता. चमचा जवळ येऊ लागला तसा तो वाढत गेला. बारीक, भरभर, कुठे हिसका नाही, कुठे खंड नाही. चमच्याला बोटं लागली तेव्हा तो टेबलावर किणकिणला.

"बघितलास? का भिंग आणून देऊ?" ताई म्हणाल्या.

"आधी थोडा आणि जवळ गेल्यावर जास्त," आबा हळूच म्हणाले. "मुंगी हेच सांगत होती."

"ती हुशार आहे, तुझ्यावर गेलेली नाही." ताईंनी चमचा खाली ठेवला. "मी पण आधी तुझ्यासारखंच केलं. दीड महिना. कोपराखाली उशी, डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट धरलेलं. म्हटलं, स्क्रूने हरवलं, आता माशापुढे तरी हात हलू द्यायचा नाही. मासा यायचा, बघायचा आणि जायचा. एक दिवस इतकी कंटाळले, की डावा हात सोडून दिला. म्हटलं, हलायचं तर हल बाबा, मी नाही आता तुला धरणार. आणि काय सांगू बाळ, मासा वळला. समुद्रात लहान कोळंबी अशीच असते ना. शिकारी लांब असला की गप्प, जवळ आला की थरकाप. त्याला वाटलं, ही जिवंत आहे. मेलेली कोळंबी माझ्या हातात जिवंत झाली."

बोलताना त्यांचा चेहरा असा झाला होता, जसा पूर्वी स्प्रिंगचा गुंता सुटला की व्हायचा. आबांना तो चेहरा बऱ्याच दिवसांनी दिसला.

"मग आम्हाला का नाही सांगितलंस? एवढी मोठी गोष्ट."

"कुणाला सांगू? तू पेपरात, तुझी सून छताकडे. मला वाटलं, तुम्हाला तो हात बघवत नाही."

"आम्हाला वाटलं, तुला आम्ही बघितलेलं आवडणार नाही."

 मग ताई म्हणाल्या, "बरं, रडायला लागू नकोस. मासा उपाशी आहे. ऐक. कोपर टेकवू नकोस, कुठेही. हात पूर्ण लांब कर. चिमटा मधे धरू नकोस, पार मागच्या टोकाला धर. आणि हलवू नकोस."

"हलवू नको?"

"हलवशील तर हिसका बसेल. नुसता धरून ठेव. हात भरून येईल, खांदा दुखेल, तरी खाली घेऊ नकोस. दमल्यावर हात आपोआप थरथरतो, तुझासुद्धा. तेव्हा कोळंबी जवळ ने."

"आणि नाही आले तर?"

"तर फोन करून खरं सांग. मग जिवंत मासे घाल त्याला. नियम माझे आहेत, ते मोडायचा हक्कही माझा."

संध्याकाळ व्हायच्या आत आबा टाकीसमोर उभे होते. कडेवरची टॉवेलाची घडी मुंगीने काढून टाकली होती. कोळंबी वाटीत भिजून मऊ झाली होती. आबांनी चिमटा पार मागच्या टोकाला धरला, हात लांब केला आणि कोळंबी पाण्यात सोडली.

पहिलं मिनिट सोपं गेलं. दुसऱ्याला दंड जड झाला. तिसऱ्याला खांद्यात कळ आली आणि कोपर सवयीने टाकीच्या कडेकडे जाऊ लागलं.

"कोपर," मुंगी म्हणाली.

"कळलं."

"अजून थोडं वर."

"तू आजीची शिष्या आहेस का तुरुंगाची पहारेकरी?"

चौथं मिनिट. जहागीरदार दगडाआडून अर्धे बाहेर आले आणि तिथेच थांबले. पाचव्या मिनिटाला आबांच्या मनगटात काहीतरी सैल झालं. आधी बोटांत, मग चिमट्यात, आणि मग लांब चिमट्याच्या टोकाशी ती थरथर उतरली: बारीक, भरभर. कोळंबीचे पाय हलू लागले. पाण्यात ती आता लटकत नव्हती. कुठे पळावं ते न कळून जागच्या जागी कापत होती.

जहागीरदारांनी पंख उघडले.

ते आले ते कोळंबीला कोपऱ्यात घेत आले. डावा पंख एका बाजूची वाट अडवत होता, उजवा दुसऱ्या. मध्ये कुठेही पळायला जागा नाही, आणि तरीही घाई नाही. आबांनी दुखऱ्या खांद्याने चिमटा एक बोट पुढे नेला, आणि पुढे नेताना हात आणखी कापला. ताईंचा कापायचा तसा. जहागीरदार थांबले. त्यांनी तोंडाने पाण्याचा एक झोत कोळंबीवर फुंकला, तशी ती वळून त्यांच्यासमोर आली. एवढं बारीक काम, आणि तेही बिनहाताचं. मग काय झालं ते आबांना दिसलंच नाही. टप् असा आवाज झाला आणि चिमटा रिकामा होता.

मुंगीने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं होतं. "दिसलं?" तिने बोटांमधून विचारलं.

"नाही. तुला?"

"मलापण नाही."

दुसरी कोळंबी त्यांनी सरळ येऊन घेतली. तिसरीसाठी ते काचेशी येऊन आबांकडे रोखून पाहू लागले, पण आबांनी वाटी झाकली. इतक्या दिवसांच्या रिकाम्या पोटी आज एवढंच. मुंगीने जहागीरदारांची बाजू घेऊन बरीच वकिली केली. आबांनी भिंतीवरच्या कागदाकडे बोट दाखवलं. मग त्यांनी फोन लावला आणि तिच्या हातात दिला. झोताचं, पंखांचं, टप् आवाजाचं ती इतक्या भरभर सांगत होती, की पलीकडून ताईंना "अगं, श्वास घे" म्हणायला लागलं.

आबा खाली दुकानात आले. गल्ल्याशी एक शिक्षिका उभ्या होत्या. सकाळी दिलेलं मनगटी घड्याळ न्यायला आल्या होत्या. एकच स्क्रू बसवायचा राहिला होता. आबांनी भिंग लावलं, कोपरं रोवली, लहान चिमट्यात स्क्रू धरला. तो खाली पडला. त्यांनी पुन्हा धरला. पुन्हा पडला. खांद्यापासून बोटांपर्यंत अख्खा हात अजून पिंपळपानासारखा कापत होता.

"आबा, बरं नाही का?" बाईंनी विचारलं. "हात किती थरथरतोय तुमचा."

आबांनी भिंग काढलं आणि आपल्या हाताकडे पाहिलं, एखादा नवा, चांगल्या बनावटीचा नग पाहावा तसं.

"हे काहीच नाही," ते म्हणाले. "खरा हात बघायचा तर दहा-बारा दिवस थांबा. माझी थोरली बहीण घरी येतेय." मग गल्ल्यावरून चार शब्दांपेक्षा जास्त कधी न बोलणाऱ्या आबांनी स्टूल बाहेर ओढलं. "घड्याळ उद्या न्या. बसा जरा, तिची गोष्ट सांगतो."